पारावरची काठी

फार फार मागे, गावांना वेस होती आणि वेशीला दार होतं, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावात पिंपळाच्या पारावर बाभळीची एक जाड काठी खुंटीला टांगलेली असे. गावात काही वाईट घडलं की संध्याकाळी सगळे पारापाशी जमत. ज्याच्या उजव्या हातात काठी, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी त्याला मध्ये तोडायचं नाही. या रीतीचा गावाला फार अभिमान होता.

त्या गावात एक कासारीण धाकट्या बहिणीला सोबत घेऊन बांगड्या भरत हिंडे. एकदा भर दुपारी, कुंभाराच्या दारासमोर, गावातल्या एका दांडग्याने धाकटीचा हात धरला. कासारीण मध्ये पडली. त्याने कमरेचा कोयता उपसला आणि तिच्या उजव्या हातावर घातला. टोपली उलटली. रस्ताभर काचा झाल्या.

"आज तू आडवी आलीस," जाता जाता तो हळूच म्हणाला. "उद्या हिला कोण सोडवतं ते बघतो."

हे शब्द फक्त दोघी बहिणींनी ऐकले. वार मात्र साऱ्या गल्लीने पाहिला. पार तिथून वीस पावलांवर होता आणि काठी खुंटीवरच होती.

संध्याकाळी गाव जमलं. शिंप्याने काठी घेतली. "मी असतो तर त्या गल्लीने गेलोच नसतो."

मग तेलीण उठली. "हिला ओरडता येत नव्हतं? बांगड्या विकताना तर चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जातं!"

लोक हसले. कासारीण मान खाली घालून बसली होती. तिला एकच वाक्य बोलायचं होतं.

कुंभाराला विचारलं, तू का उठला नाहीस? तो म्हणाला, "उठायला गेलो, पण पाय उचललेच नाहीत."

"मी असतो तर गाडगं फेकून त्याचं टाळकं फोडलं असतं!" एक पैलवान गरजला.

"घरात पाल निघाली की हे खाटेवर चढतात," त्याची बायको शेजारणीच्या कानात कुजबुजली.

शेवटी कासारीण उठली. उजव्या हाताची मूठ मिटेना, म्हणून तिने डावा हात पुढे केला.

"डाव्या हाताने काठी धरत नाहीत, बाई," म्हातारे पंच म्हणाले. "हात बरा झाला की बोल."

"अहो, पण तो उद्या..."

"काठीशिवाय बोलू नये!"

धाकटी पुढे झाली, तर म्हणाले, "पोरांना काठी देत नाहीत."

गर्दीच्या कडेला शेंगा खात उभा असलेला दांडगा तेव्हा पुढे आला. त्याने काठी उजव्या हातात घेतली आणि तिचं वजन अजमावलं. "मी बघत असतो ना, तर धावून गेलो असतो. पण या गावात माणसं उरलीत कुठे?"

त्याला कोणी काही विचारलं नाही. काठी त्याच्या हातात होती. दोघातिघांनी तर मानही डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच गल्लीतून किंकाळी आली. कुंभाराने ती ऐकली आणि दाराला कडी घातली. जो बघतो त्याला जाब द्यावा लागतो, हे त्याला आता कळलं होतं. बाकीच्या खिडक्याही एकेक करून मिटल्या.

दांडग्याने या वेळी कोयता आणलाच नव्हता. येताना त्याने पारावरची काठी काढून घेतली होती. कासारीण डाव्या हाताने त्याला जितकं धरवलं तितकं धरून राहिली. धाकटी पुन्हा उठली नाही.

संध्याकाळी गाव जमलं. काठी पारापाशी पडली होती, रक्ताने माखलेली. तेलिणीने ती धुतली, शिंप्याने कोऱ्या कापडाने पुसली, आणि लोक रांगेत उभे राहिले.

"मी असतो तर..." पहिला म्हणाला.

पंचांना कासारणीची दया आली. "आज डाव्या हाताने घे," ते म्हणाले. "बोल."

पण तिच्याकडे आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

म्हणून लक्षात ठेवा: मारणाऱ्याला सोडून जे मार खाणाऱ्याला जाब विचारतात, ते पुढच्या घावासाठी काठी पुरवतात.