पाटीमागं वाटीभर ताक

सपाट करायची म्हणं टेकडी. तुमच्या साहेबाला म्हणावं, आधी जीपमधनं खाली तर उतर. काच बी खाली न करता आतनंच बोट दावून गेला परवा. म्हणला, तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालंय, ह्यो ढिगारा काढा, फरशी बसवा, बाकं ठेवा. आन् तळ्यातला गाळ? गाळ म्हणं त्या योजनेत बसत न्हाई. मग बाकावर बसून बगायचं काय?

ढिगारा न्हवं त्यो. तुमी साहेबाच्या हाताखालची माणसं, मोजायला आलाय, तुमच्यावर राग काढून उपेग न्हाई. पर टेप लावायच्या आधी ऐकून घ्या. सावळखेड्याचं सगळं शिवार तव्यासारखं सपाट. मग तळ्याच्या कडंला ह्यो एकलाच उंचवटा आला कुटनं? देवानं केला न्हाई. माणसांनी डोक्यावरनं आणून टाकलाय, पाटी पाटीनं.

लई जुनी गोष्ट सांगत्यात. राज्य कुणाचं व्हतं त्ये कुणाला ठावं न्हाई, आन् कुणाचं बी असलं तरी काय फरक. दुष्काळ पडला, राजाला दया आली, त्यानं हुकूम काढला म्हणं. ज्या गावचं तळं आटलं, त्या गावाला सरकारी कोठारातनं जोंधळा. ज्या तळ्यात पाणी, त्या गावाला दुप्पट सारा. ऐकायला बरा हुकूम. पैल्या साली लोकं त्याच्यावरच जगली. दुसऱ्या साली गावानं डोकं चालवलं. दर उन्हाळ्याला तळ्यातला गाळ काढायची रीत व्हती, ती सोडून दिली. गाळ काढला की पाणी टिकणार, पाणी टिकलं की जोंधळा बंद. तळं मातीनं भरत गेलं. बाया पाण्याला पार नदीपातूर चालाय लागल्या, पर घरात जोंधळा येत व्हता, म्हणून कुणी बोलंना. लोकं आळशी न्हवती. हुकमानं जे शिकवलं त्ये शिकली.

एक भिवरा तेवढी शिकली न्हाई. ही पाटकऱ्याची विधवा. नवरा तळ्याचं पाणी पाटानं शेतात सोडायचा. पाणीच न्हाई म्हणल्यावर त्याचं काम गेलं, मागनं त्यो बी गेला. हिच्यापाशी उरली एक म्हैस, चंद्री. म्हशीला उन्हाळ्यात डुंबाय लागतं, न्हाईतर दुधाला नाट लागतो. म्हणून भिवरा रोज तळ्याच्या मधी पाटीभर गाळ उकरायची आन् बाजूला टाकायची. आता लोकं तिला देवी म्हणत्यात, नवस बोलत्यात. देवी-बिवी काय न्हवती ती. म्हशीसाठी उकरत व्हती.

उकरता उकरता झरा लागला. खड्ड्यात कमरंएवढं पाणी झालं, चंद्री त्याच्यात नाकापातूर बसाय लागली. पाटील तिच्या दारात आला. माणूस वाईट न्हवता, भ्यालेला व्हता. म्हणला, तळं बगायला अमलदार येतोय, त्येचा डोळा त्या डबक्यावर पडला तर सारं गाव उपाशी मरंल. तसं झालं तर तुजी म्हैस बाजारात जाईल आन् तिच्या पैशाचा जोंधळा घरोघर वाटला जाईल. सरकारचा जोंधळा भिवरा बी खात व्हती. गड्यांनी खड्ड्यावर काट्याकुट्या टाकल्या, वरनं कडबा, कडब्यावर कोरडी माती. चंद्रीला तिनं आपल्याच हातानं दुहेरी दाव्यानं बांधली.

अमलदार आला त्यो भर उन्हात. आल्या आल्या पाणी मागितलं. आता गावाची अक्कल बगा. दुष्काळ लई मोठा हाये ह्ये दावायचं व्हतं, म्हणून घरात नदीच्या पाण्यानं भरलेल्या घागरी असून बी हात जोडून सांगितलं, थेंब न्हाई सरकार. घोडं तिथंच तोंडाला फेस येऊन बसलं. अमलदाराची जीभ टाळ्याला चिकटली. भिवरा दारातनं बगत व्हती. तिच्या बी घरात घागर व्हती, आन् तिनं बी ती काढली न्हाई. तहानलेल्या माणसाला पाणी नाकारायची येळ तिच्यावर जल्मात आली न्हवती. म्हणत्यात की चंद्रीनं दावं तोडलं. काही म्हणत्यात भिवरानंच सोडलं.

म्हैस निघाली ती माणसांतनं वाट काढत, अमलदाराच्या अंगावरनं, सरळ तळ्यात. काट्याकुट्या कडाकडा मोडल्या आन् चंद्री खड्ड्यात बसली. पाणी वर आलं. अमलदार पागोट्याच्या पदरानं गाळून पाणी प्याला, घोड्याला बी पाजलं. मग गावाकडं बगितलं. त्यो म्हणला, सावळखेड्याचा जोंधळा आजपासनं बंद.

तवा भिवरा पुढं झाली.

"सरकार, तळं कोरडं ठिवलं तर खाऊ घालता, वलं केलं तर मारता. मग आमी काय येडे हाव खांदायला?"

"हुकूम राजाचा हाये, बाई. माजा न्हवं."

"असंल. पर म्हशीचं पाणी राजा न्हाई प्याला, तुमी प्यालात. एक पाटी गाळ काढा आन् मग जावा."

पाटील तिला मागं ओढाय धावला. अमलदारानं त्याला हातानं थांबवलं. जोडे काढले, खड्ड्यात उतरला, पाटी भरली. डोक्यावर घेतली तर मान लटपटाय लागली. तशीच बांधाभाईर नेऊन वतली. ह्या टेकडीची ती पैली पाटी.

त्यानं जाऊन राजाला सांगितलं म्हणं, कोरड्या तळ्याला जोंधळा देऊ नका, खांदणाऱ्याला द्या. राजा म्हणला, तुला तळी बगायला ठिवलाय, शानपना शिकवायला न्हाई. नोकरी गेली. हुकूम व्हता तसाच ऱ्हायला. वरचा हुकूम खालनं हालत न्हाई, तवा बी आन् आता बी.

हिकडं जोंधळा बंद झाला, कणग्या रिकाम्या पडल्या. पाटील दावं घेऊन भिवराच्या दारात आला, मागं सारं गाव. तिनं चंद्रीच्या गळ्याला मिठी मारली. म्हणली, "इकलीत तर चार दिस खाल. त्यापरीस जो पाटीभर गाळ काढंल, त्याला वाटीभर ताक मी देते. म्हैस आटली की खुशाल न्या."

कुणी हालंना. तेवढ्यात वाटनं एक माणूस चालत आला. घोडं न्हाई, पागोटं न्हाई. अमलदार व्हता त्यो. कुणाला काय इचारलं न्हाई. पाटी उचलली, तळ्यात गेला, गाळ भाईर टाकून आला आन् भिवरापुढं वंजळ धरली. तिनं ताक वतलं. गाव बगत ऱ्हायलं. मग पाटलानं दावं कमरंला गुंडाळलं आन् पाटी घेतली.

पाऊस पडंपातूर गाव खांदत व्हतं. एका म्हशीचं ताक गावाला पुरलं कसं, इचारू नका. जुनी माणसं म्हणायची, ताक कमी आन् पाणी जास्त व्हतं. पर चंद्री आटली न्हाई म्हणं. तळं भरलं. पिकं आली. राजानं दुप्पट सारा घेतला, त्यो बी गावानं दिला, आन् तरी खाऊन उरलं. अमलदार परत गेला न्हाई. हितंच मेला.

तवापासनं रीत पडली. सरकारी माणूस सावळखेड्यात आला की आधी पाटी, मग ताक, मग बोलणं. लई जणांनी काढली. काहींनी नाक दाबून काढली, पर काढली. आता कुणी उतरतच न्हाई. टँकर पायजे असंल तर आजही तळं कोरडं दावाय लागतं, आन् आमचीच पोरं म्हणत्यात, गाळ काढू नका. किती येळा त्येच त्ये भांडायचं? जीव थकला.

साहेब उतरला न्हाई, त्येचं त्येच्यापाशी. तुमी उतरलाय. टेप गुंडाळा, बूट काढा आन् पाटी उचला.