झुंबरशेटचे पोपट आणि हौसाची पिवळी दांडी

रणधवल राजाच्या नगरात दुपारी कुणाला डोळा मिटता येईना. कारण एकच, झुंबरशेटचे पोपट.

झुंबरशेट माक्याचं तेल विकायचा. त्याने तीनशे पोपट पढवले आणि घरोघर सोडले. पोपट बंद खिडकीवर चोच आपटून गोड आवाजात म्हणे, "आत्याबाईंचा निरोप आहे, उघडा." बायका पिठाचे हात झटकत धावत येत. खिडकी उघडली रे उघडली की सुरू, "झुंबरशेटचं तेल, केसांचा होईल वेल!" एकदा नाही, सात वेळा. या खिडकीतून हाकलला तर त्या खिडकीतून.

बुरूड आळीत टोपल्या आणि सुपं विणणाऱ्या हौसाच्या घरी तर रडारड झाली. तिचं पाच महिन्यांचं बाळ महत्प्रयासाने झोपायचं, पोपट ओरडला की दचकायचं आणि दिवेलागणीपर्यंत रडायचं. चार दिवस धड दूधही प्यायलं नव्हतं. त्यात पोपटांचे पिंजरे हौसानेच विणून दिलेले. आपल्याच हातांनी ओढवून घेतलं का? बाकीच्यांची पोरं दचकली तरी पुन्हा निजतात, मग आपलंच काही चुकतंय का? असल्या विचारांनी तिची उरलीसुरली झोपही गेली. शेवटी बाळाला कडेवर घेऊन ती दरबारात गेली. (मी असते तर देवडीवरूनच परत फिरले असते. हौसाही दोनदा फिरली, तिसऱ्यांदा आत शिरली.)

राजाला पोपट आवडायचे. नगराची शोभा, असं त्याचं मत. तरी त्याने झुंबरशेटला बोलावलं. शेटने हात जोडून सांगितलं, की मी कुणावर बळजबरी करत नाही. ज्याला पोपट नको, त्याने सूर्य उगवायच्या आत डोंगरावरच्या माझ्या बागेत यावं आणि तीनदा 'नको' म्हणावं. तशी दवंडीही पिटली होती. आजवर एकही माणूस आलेला नाही.

"म्हणजे सगळ्यांना हवेच आहेत," राजा म्हणाला.

"गप्प बसला तो हो म्हणाला, महाराज."

पोपट बंदच करा, अशी हौसाने विनंती केली. पण राजा हट्टी. आमच्या मामीसाहेबांना पोपटाशिवाय करमत नाही, म्हणाला. मग मिशीवर बोट फिरवून त्याने फर्मावलं, "ज्याला हवा त्याच्याकडेच पोपट जाईल असं तूच करून दाखव. पण दारोदार फिरून कुणाला विचारायचं नाही. पाटीही लावायची नाही, पोपटाला वाचता येत नाही. परवापर्यंत मुदत. नाही जमलं, तर तीनशेच्या तीनशे पोपट तुझ्या छपरावर मुक्कामाला."

घरी जाता जाता हौसा झुंबरशेटच्या दुकानाशी थांबली आणि गड्याकडे निरोप ठेवून आली. परवा दुपारी आमच्या आळीतली बावीस तान्ही बाळं शेटजींच्या दिवाणखान्यात निजवायला आणतोय. नको असेल, तर त्या दिवशी सूर्य उगवायच्या आत शेटजींनी नदीपलीकडच्या बांबूच्या बेटात यावं आणि तीनदा 'नको' म्हणावं.

निरोप ऐकून शेट पोट धरून हसला. त्या पहाटे तो कूस बदलून झोपला.

दुपारी बावीस आया बावीस बाळं घेऊन हजर! परक्या घरात कुठलं बाळ निजतंय? एकाने सूर लावला, एकवीस जणांनी साथ दिली. दोघांनी गादी ओली केली. एकाने शेटची मिशी अशी धरली, की सोडवायला तीन बायका लागल्या. शेट तिरक्या पगडीने धावत दरबारात आला. मागोमाग हौसा आणि अख्खी आळी.

"महाराज, मला न विचारता घुसल्या या!"

"कळवलं होतं की," हौसा म्हणाली. "पहाटेपासून बेटात तुमची वाट पाहत बसले, शेटजी. तुम्ही आलाच नाहीत. गप्प बसला तो हो म्हणाला ना?"

राजाची मिशी हलली. पण त्याने ती आवरली. "ते ठीक. माझ्या कामाचं काय?"

हौसाने ओच्यातून हळदीने रंगवलेली वीतभर बांबूची दांडी काढली. "शेटजींच्या पिंजऱ्यांत अशा दांड्या मीच बसवल्यात. पिवळ्या दांडीवर बसलं की मिरची मिळते, एवढं प्रत्येक पोपटाला ठाऊक आहे. ज्याला पोपट हवा त्याने दाराला अशी दांडी टांगावी. तिथेच पोपटाने उतरावं. कंटाळा आला की दांडी काढून घ्यावी, डोंगर चढायला नको."

"आणि जे काहीच टांगणार नाहीत?"

"गप्प दार म्हणजे नको, महाराज. आणि आणखी एक. पोपटाने तोंड उघडताच आधी मालकाचं नाव सांगावं. मला आत्याच नाही. तरी सहा दिवस रोज खिडकी उघडतेय."

"अहो, अशाने दांडी लावणार तरी कोण?" झुंबरशेट रडकुंडीला आला.

पडद्याआडून मामीसाहेबांचा आवाज आला, "मला दोन द्या गं."

राजाला हसू फुटलं. एवढ्यात हौसाने ओठांवर बोट ठेवलं. सहा दिवसांत पहिल्यांदाच बाळ तिच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं.

मग राजा उपरण्याचा बोळा तोंडात कोंबून हसला. पोट गदगदलं, सिंहासन करकरलं, पण आवाज म्हणून निघाला नाही. नगरभरच्या दांड्या हौसानेच घडवाव्यात, हे त्याने हातवारे करून सांगितलं. बक्षीसही खुणेनेच दिलं. चार भोई शिसवी पाळणा घेऊन आले, चवड्यांवर चालत.