निजून आलेली चाकं

शत्रू चाल करून यायच्या आत सोनवडीच्या राणीसाहेबांना आपली सर्वांत मोठी तोफ घाटापलीकडच्या ठाण्यावर पोचवायची होती. वाट म्हणाल तर नुसते दगडगोटे. मध्येच चाक मोडलं, तर तोफ बैलांसकट दरीत जाणार. म्हणून चाकं निवडायलाच दरबार भरला.

दिवाण अंताजीपंतांनी बंदरावरून पितळी पट्ट्यांची, नक्षीदार चाकं मागवली होती. मिशीला पीळ देत ते म्हणाले, "राणीसाहेब, ही चाकं हाच घाट ओलांडून आलीत, पण कुठे एक ओरखडा दिसतो का पाहा! आपल्या गावठी बाभळीच्या चाकांना जमेल असलं?"

दरबारी माना डोलवू लागले. तोफखान्याचा सरदार म्हाळोजी तेवढा उठून त्या चाकांभोवती एक फेरी मारून आला. तो याच डोंगरात वाढलेला. बाभळीच्या चाकांना कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

"पंत, ही चाकं घाटातून आणलीत कशी?"

"कशी म्हणजे? बैलगाड्यांत गवत अंथरून, वर निजवून आणली. एवढा किमती माल!"

"आणि त्या गाड्यांना चाकं कसली होती?"

पंतांची मिशीवरची बोटं थांबली. "बाभळीची," ते पुटपुटले.

म्हाळोजीने राणीसाहेबांना मुजरा केला. "सरकार, निजून आलेली चाकं मला नकोत. त्यांचं ओझं वाहून ज्यांनी घाट ओलांडला, ती द्या. आमच्या डोंगराची आहेत ती!"

राणीसाहेब खळखळून हसल्या. तोफ बाभळीच्या चाकांवर ठाण्याला पोचली. पितळी चाकं बंदरावर परत गेली, तीही निजूनच.