सेनापतीच्या तोंडाला गेरू

“पण बुवा, नवा डबा घ्यायचा नाही, एवढंसुद्धा मला का जमत नाही?”

हेरंब ओसरीवर बसून विचारत होता. बुवा मठीबाहेरच्या तुळशीच्या कट्ट्याला गेरू लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“डब्यात असतं काय?”

“सैनिक. बोटभर उंचीचे, प्लास्टिकचे. आपण रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून लढाई खेळायची.”

“खेळतोस?”

“रंगवून झाले की खेळणार.”

रंगवायचे राहिलेले सैनिक आधी कपाटात होते, मग पलंगाखाली गेले आणि परवा तर हेरंबच्या बायकोला साबुदाण्याच्या डब्यामागे अख्खं घोडदळ सापडलं. सगळे करडेच्या करडे. तरी गडी नव्या पलटणी घरी आणतच होता. ब्रश कोणता घ्यावा, रंग किती पातळ हवा, सावली कुठे द्यावी, हे मात्र त्याला विचारायची खोटी, तासभर थांबायचा नाही.

“खेळणार कुणाशी?” बुवांनी विचारलं.

“जयदीपशी. लहानपणापासूनचा मित्र. त्याचं सैन्य कधीच तयार झालंय. दर दिवाळीला विचारायचा, ‘तुझं झालं का रे?’ या दिवाळीला…”

“काय?”

“विचारलंच नाही. फोनसुद्धा नाही.” हेरंबला फार लागलं होतं ते.

“त्याचं सैन्य दिसतं कसं?”

“खरं सांगू? गचाळ. रंग ओघळलेले, डोळे तिरळे.”

“हे त्याला बोललास?”

“बोललो.”

बुवा गेरू कालवत राहिले.

हेरंबने पिशवीतून खोकं काढून त्यांच्यापुढे ठेवलं. “सैनिक, रंग, ब्रश, सगळं आणलंय. इथेच ठेवून जातो. गावातल्या पोरांना देऊन टाका, म्हणजे नाद तरी सुटेल.”

“यातला सगळ्यात चांगला कोणता?”

हेरंबने जपून सेनापती काढला. दाढीचा केस न् केस कोरलेला. “याला तर ब्रश लावायची हिंमतच होत नाही.”

बुवांनी तो हातात घेतला, कौतुकाने उलटसुलट पाहिला आणि गेरूने भरलेला अंगठा त्याच्या तोंडावर दाबला.

“बुवा! अहो, काय केलंत हे!”

हेरंब रुमालाने पुसायला लागला. गेरू दाढीत आणखीच शिरला. बुवा पुन्हा कट्ट्याकडे वळले होते.

मग तणतणतच त्याने रंगाची बाटली उघडली. आधी चेहरा झाकला. चेहऱ्यापुढे दाढी फिकी वाटली, म्हणून दाढी केली. दाढी झाल्यावर शेला उघडा दिसायला लागला. राग कधी गेला ते त्याला कळलंही नाही. कट्टा वाळला, ऊन ओसरीवरून खाली उतरलं.

“झाला की!” हेरंब नवलाने म्हणाला. मग त्याने सेनापती डोळ्यांजवळ नेला. “पण डोळा तिरळा झालाय. जयदीप पोट धरून हसेल…”

म्हणता म्हणता त्यालाच हसू फुटलं.

त्याने खोक्यातून दुसरा करडा सैनिक काढला. रंगाने माखलेल्या बोटांत बराच वेळ फिरवला… आणि पुढे केला.

“बुवा, यालाही एक बोट लावा ना.”

बुवा रांजणापाशी उभे होते. त्यांनी पंच्याला हात पुसले आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले.

“माझे धुऊन झाले. तुझे बघ.”