बायडाची गोटी

कारंडवस्तीच्या बिरोबासमोर काळ्या दगडाचा एक गोल गुंडा पडलेला आहे. त्याला गोटी म्हणतात. जत्रेत माहेरवाशिणीचा हात लागल्याशिवाय पुरुषांनी ती उचलायची नाही, अशी रीत आहे. देवळात येणाऱ्यांना वस्तीतले म्हातारे नामाआबा तिची हकिगत सांगतात.

फार पूर्वी धुळा नावाचा मेंढका दर जत्रेला ही गोटी खांद्यावर घ्यायचा आणि उचलणाऱ्याला मिळणारा मानाचा फेटा वस्तीत राहायचा. लहानपणी रानात धोंडे उचलताना धाकटी बहीण बायडा त्याच्या जोडीला असे. पुढे ती लग्न होऊन नदीपार गेली.

एका जत्रेला धुळा तापातून नुकताच उठला होता. गोटी गुडघ्यापर्यंत आली आणि हातातून सुटली. परगावचे गडी हसू लागले. तेव्हा माहेरी आलेली बायडा पुढे झाली, तिने लुगड्याचा काचा मारला आणि गोटी खांद्यावर घेतली म्हणे.

पंचांनी धुळाकडे पाहिलं. त्याने हो म्हटलं असतं तर फेटा तिला बांधला असता. पण उद्यापासून लोक आपल्याला काय म्हणतील, एवढंच त्याच्या मनात आलं. मान खाली घालून तो म्हणाला, "ठेव ती खाली. बाईनं उचललेली धरत न्हाईत."

बायडाने गोटी हळूच खाली ठेवली. फेटा परगावी गेला आणि ती सासरी.

पुढच्या वर्षी धुळा धडधाकट होता, तरी गोटी जागची हलली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शेवटी तो बहिणीच्या दारात गेला. तिने त्याला पोटभर जेवू घातलं.

"जत्रंला चल," तो म्हणाला.

"दादा, गोटीचा राग न्हाई मला. तू मान खाली घातलीस, त्याचा हाय."

ती आली नाही. पुढे साथीत गेली. धुळाने तिच्या नावाने ही रीत घातली, पण स्वतः गोटीला पुन्हा हात लावला नाही, असे सांगतात.

आजही जत्रेला लेकी येतात, गोटीला हात लावून बाजूला होतात. उचलायला मात्र कोणी पुढे येत नाही. पोरं खालच्या माळावर टेनिस बॉलच्या सामन्यात असतात, लाउडस्पीकरचा आवाज देवळापर्यंत येतो. गेल्या साली पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "आबा, उचलून बघू?"

पंच एकमेकांकडे बघू लागले. नामाआबा म्हणाले, "रीत हात लावायची हाय, बाळ."

तिने हात लावला आणि पायऱ्या उतरून गेली.