डोंगरामागचा ढग

पूर्वी शंखवती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेर, नदीकाठच्या मळेकऱ्यांच्या घरात जन्माला आला होता. ती नदी उन्हाळ्यात आटत असे. मग काठावरची कुटुंबे पात्रात उतरत, वाळूत वाफे करून कलिंगडे लावत आणि वेलींशेजारीच झोपड्या घालून राहत.

कलिंगडाचा जीव आभाळाच्या हाती असतो. पिकण्याच्या वेळी वळीव कोसळला की फळे तडकतात. म्हणून बोधिसत्त्वाने लहानपणापासून ढगच पाहिले होते. पिंजलेल्या कापसासारखे उंचावरचे ढग फक्त वारा बदलणार एवढे सांगतात. माशाच्या खवल्यांसारखे पसरलेले ढग नुसती सावली देऊन जातात. दुपारी पांढऱ्या राशी चढतात, त्या संध्याकाळी विरल्या तर भिण्याचे कारण नाही. पण तीच रास काळी पडून वर वर चढत गेली आणि तिचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट झाला, तर हातातले काम टाकून उठावे.

हे सारे त्याने धाकट्या भावाला, पुष्यकाला शिकवले होते. आईबापांच्या मागे त्यानेच त्याला वाढवले होते आणि त्याच्यावर त्याचा फार जीव होता. पुष्यक हुशार आणि बोलण्यात चटपटीत. हळूहळू मळेकरी आभाळाचे काही विचारायचे झाले की थोरल्याला सोडून धाकट्याकडे जाऊ लागले. बोधिसत्त्वाला त्याचे कौतुकच वाटे.

एका वर्षी फळे तोडणीला आली होती. दुसऱ्या दिवशी ती न्यायला नगरातून गाड्या यायच्या होत्या. दुपारी बोधिसत्त्व म्हशी घेऊन काठावर चढला. ज्या डोंगरांतून नदी येत असे ते तिथून दिसत. त्या डोंगरांमागे काळा ढग उभा होता आणि त्याचा माथा सपाट झाला होता. ढगाखाली सगळे करडे होऊन गेले होते. तिकडे पाणी कोसळत होते. खाली पात्रात असलेल्यांना यातले काहीच दिसत नव्हते, कारण काठ उंच होता.

तो धावत खाली आला. "उठा, पोराबाळांना घेऊन वर चला! नदीला पूर येतोय."

माणसांनी वर पाहिले, मग पुष्यकाकडे पाहिले. पुष्यक हसला. "दादा, हे तर खवल्यांचे ढग. यांच्यात थेंब नसतो, हे तूच शिकवलंस ना मला?"

"डोक्यावरचे नव्हेत रे. डोंगरामागचा बघ. वर चल, दाखवतो."

"तिकडचा पाऊस तिकडं पडेल. आता वर गेलो तर कोल्ही सगळी फळं फोडून ठेवतील. उगीच लोकांना घाबरवू नकोस."

लोकांना ते पटले. पिकलेले फळ समोर असले की माणसाला हवे तेच पटते. वाघ आला म्हणून ओरडावे, असे बोधिसत्त्वाच्या मनात येऊन गेले. पण खोटे त्याच्या तोंडून निघेना. मग तो काठावर गेला आणि म्हशींचा सगळा कळप त्याने पात्रात घातला. आधी स्वतःच्या वाफ्यांत, नंतर इतरांच्या. कलिंगडे फुटली, वेली तुटल्या. मग त्याने कळप पुन्हा वर हाकलला. पुरुष काठ्या घेऊन त्याच्या मागे धावले. बायका शिव्याशाप देत, मुलांना काखेत मारून त्यांच्या मागे चढल्या.

वर त्यांनी त्याला गाठले आणि मारले. "आम्ही धाकट्याचं ऐकतो, ते बघवत नाही तुला!" एकजण ओरडला. बोधिसत्त्वाने हात वर केला नाही. मार खाता खाता तो त्या गर्दीत एकच चेहरा शोधत होता, आणि तो तिथे नव्हता. न फुटलेली फळे वाचवायला पुष्यक खालीच राहिला होता.

"पुष्यका, वर ये! फळं राहू दे!"

पुष्यकाने कमरेवर कलिंगड सावरले आणि मोकळ्या हाताने आभाळ दाखवले. तेवढ्यात वरच्या अंगाने घरघर ऐकू आली. गाड्या आजच आल्या की काय, असे कोणीतरी म्हणाले. मग मातकट पाणी झाडे घेऊन वळणावरून आले. बोधिसत्त्वाने खाली झेप घेतली, तेव्हा ज्यांनी त्याला मारले होते त्यांनीच त्याला घट्ट धरून ठेवले. वर खवल्यांचे ढग होते आणि मधून ऊन पडत होते.

पुष्यकाचा देह मिळाला नाही. त्याची बायको सामा बोधिसत्त्वाला म्हणाली, "भाऊजी, मला वर आणलंत. त्यांना का नाही आणलंत?"

"मी त्याला ढग ओळखायला शिकवलं, सामा," बोधिसत्त्व म्हणाला. "कुठं उभं राहून बघायचं, ते शिकवायचं राहिलं." एवढे बोलून तो मुलासारखा रडला.

भिक्षू-भिक्षुणींच्या सभेला ही कथा सांगून शास्त्या भगवंतांनी त्या जन्माची या जन्माशी गाठ घालून दिली. "तेव्हाचे मळेकरी म्हणजे ही सभा. पहिली काठी मारणारा तो भिक्षू सोणक. सामा ती भिक्षुणी चंद्रा. आणि म्हशी घालणारा मळेकरी तो मी."

"आणि पुष्यक, भंते?" सोणकाने विचारले.

"तो अजून आलेला नाही. रोज नव्याने येणाऱ्यांमध्ये मी त्याला शोधतो."

मग शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, करुणेच्या अशा परिपूर्णतेला करुणा पारमिता म्हणतात."