ढाण्याने सांगितलेलं दुखणं

यंत्रं बोलायची आणि मिस्त्री ते ऐकून घ्यायचे, त्या काळची ही गोष्ट. जंगलातल्या सागवानाच्या डेपोत ढाण्या नावाचा म्हातारा ट्रॅक्टर ओंडके ओढायचा. हल्ली चढावर त्याचं इंजिन नुसतं गरजायचं आणि चाकं जागची हलायची नाहीत. एकदा तर तो ओंडक्यासकट मागे घसरला.

"याचा गियरबॉक्स गेला. आता भंगारच," शेजारची क्रेन म्हणाली.

रैनूबाई मिस्त्री आली. पान्याला हात न लावता तिने विचारलं, "कधी घसरतोस, बाबा? सकाळी की दुपारी?"

ढाण्या घुटमळला. "सकाळी बरा असतो. तेल तापलं की जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. सांगितलं असतं तर मला तेव्हाच मोडीत काढलं असतं."

"तेव्हाच सांगितलं असतंस, तर घसरायची वेळ आली नसती," ती शांतपणे म्हणाली.

तिने गियरबॉक्स खोललाच नाही. त्याच्या तेलाची जाळी तेवढी काढली. ती काळ्या गाळाने गच्च भरली होती. तिने जाळी धुतली आणि जुनं तेल काढून नवं भरलं. भर दुपारी ढाण्याने तोच ओंडका चढावर नेला. वर पोहोचल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं.

रैनूबाई हत्यारं आवरू लागली, तेव्हा क्रेन हळूच म्हणाली, "बाई, जरा थांबता का? माझी कप्पी आठ दिवसांपासून कुरकुरतेय."